दाढी केली की दरवेळी आग होते आणि विच हेझल लावूनही थांबत नाही? नेमकं कुठे अडतंय ते असं शोधा

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा सगळं नीट लिहूनच ठेवतो. तक्रार साधारण सारखीच असते, दाढी केली की गळ्यावर आग होते, लाल होतं, दुसऱ्या दिवशी बारीक पुरळ येतं, कुणीतरी सुचवलं म्हणून अमेरिकेहून येणाऱ्या भावाकडून किंवा मेहुण्याकडून विच हेझलची, म्हणजे त्या नावाच्या झुडपाच्या अर्काची, बाटली मागवली, सुरुवातीला गार वाटलं, बरं वाटलं, आणि मग परत तेच सुरू. काहींना तर आधीपेक्षा जास्त झोंबायला लागतं. मी राहतो कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डजवळ, आणि हे झुडूप इथल्या जंगलात आपोआप उगवतं, इथेच त्याचा अर्क काढतात, त्यामुळे पुण्या-नाशकातले मित्र आणि भाऊबंद बाटली मागवताना आणि नंतर तक्रार करताना पण मलाच फोन करतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. विच हेझल दाढीनंतरची साधी जळजळ थोडा वेळ शांत करतं, लाली जरा उतरवतं, बस. त्रास दरवेळी परत येत असेल तर त्याचं कारण तीनपैकी एका ठिकाणी असतं, एकतर दाढी करण्याच्या पद्धतीत, नाहीतर बाटलीत विच हेझलबरोबर जे बाकीचं भरलंय त्यात, नाहीतर ती आग साधी नसून त्वचेचा वेगळाच काही प्रकार आहे. हे तीन वेगळे केल्याशिवाय चौथी-पाचवी बाटली आणून काही होणार नाही.

सगळ्यात आधी बघायचं की त्रास कधी होतो. हे लोक सांगतच नाहीत, "खूप आग होते" एवढंच सांगतात, आणि खरं म्हणजे अर्धं उत्तर त्या वेळेतच असतं. दाढी करता करताच किंवा तोंड धुताना चुणचुणत असेल, म्हणजे अजून काही लावलेलंच नाही, तर दोष ब्लेडचा, पाण्याचा किंवा हाताच्या जोराचा. तोंड धुवून झाल्यावर ठीक होतं आणि बाटलीतलं लावल्या लावल्या भडका उडाला आणि मिनिटभरात विझला, तर ते अल्कोहोल. लावल्यावर भडका नाही पण दहा-पंधरा मिनिटांनी कातडी ताणल्यासारखी, कोरडी, पांढरट वाटते, तर कोरडेपणा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुंट वर यायला लागले की त्याच जागी टणक पुटकुळ्या येतात, तर केस आत वळतायत. लावल्यावर एक-दोन दिवसांनी खाज सुटते, जिथे दाढी केलेलीच नाही तिथेपण, कानाखाली, पापणीवर, तर ॲलर्जीचा संशय घ्या. आणि पिवळं तोंड असलेले फोड किंवा गोल कडा असलेला खाजरा चट्टा असेल तर ते जंतुसंसर्गाचं किंवा नायट्याचं लक्षण, तिथे विच हेझल लावत बसू नका, त्याबद्दल खाली लिहिलंय ते आधी वाचा.

आता बाटली हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा, कारण विच हेझल या नावाने चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली म्हणजे इथल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते ती साधी, पाण्यासारखी दिसणारी. झाडाचं शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाकीची झाडं पानं टाकून उघडी पडतात तेव्हा याला पिवळ्या दोऱ्यांसारखी फुलं येतात, आमच्या मागच्या ट्रेलवर दरवर्षी दिसतात, फार सुंदर दिसतं ते. हिवाळ्यात फांद्या तोडतात, त्याचे तुकडे करतात आणि वाफेवर अर्क काढतात. मोहिगनसारख्या इथल्या मूळ लोकांना हे झाड आणि त्याचे उपयोग गोऱ्यांच्या आधीपासून माहीत होते. १८४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या थेरॉन पॉन्ड नावाच्या औषधवाल्याने याच्यापासून अर्क काढून विकायला सुरुवात केली, आणि हो, आपल्या आज्यांच्या कपाटातली पॉन्ड्स ती हीच, कोल्ड क्रीम फार नंतर आलं, सुरुवात विच हेझलने झाली होती. पुढे १८६६ च्या सुमारास डिकिन्सन नावाच्या माणसाने इथे कनेक्टिकटमध्ये एसेक्सला भट्टी टाकली आणि आजही ईस्ट हॅम्प्टन गावात याचा मोठा कारखाना आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की वाफेवर काढलेल्या या अर्कात टॅनिन जवळजवळ येतच नाही. कातडी आवळून धरणारा जो तुरट पदार्थ, जो चहात असतो, हिरड्यात असतो, तो टॅनिन. तो झाडाच्या सालीत भरपूर असतो पण वाफेबरोबर वर जात नाही. मग अर्क टिकावा म्हणून त्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल घालतात, लेबलवर ८६ टक्के विच हेझल आणि १४ टक्के अल्कोहोल असं सरळ लिहिलेलं असतं. म्हणजे साध्या बाटलीतलं लावल्यावर कातडी आवळल्यासारखी, टाइट जे वाटतं त्यातला बराच भाग या अल्कोहोलचा. हे कळलं की पुष्कळ तक्रारींचा उलगडा होतो.

दुसरी बाटली अल्कोहोल-फ्री, थेअर्ससारखे ब्रँड, त्यात बहुतेक वेळा कोरफड आणि ग्लिसरीन असतं. संवेदनशील कातडीला हीच घ्या असं मी सांगतो, पण गुलाब, काकडी, लव्हेंडर अशा वासाची न घेता बिनवासाची घ्या.

तिसरी म्हणजे टोनर किंवा आफ्टरशेव्ह, ज्याच्यावर मोठ्या अक्षरात विच हेझल आणि यादीत त्याच्या आधी अल्कोहोल डीनॅचर्ड, मग मेंथॉल, मग परफ्यूम. मेंथॉल गार वाटायला लावतं म्हणून लोकांना ते सूदिंग वाटतं, पण सोललेल्या कातडीला मेंथॉल स्वतःच चुरचुरतं. अशी बाटली असेल तर विच हेझलला दोष देऊ नका, तिच्यात ते नावापुरतं आहे.

आणि चौथी, जी खास आपल्याकडची अडचण आहे. भारतात विच हेझल शोधायला गेलं की होमिओपॅथीच्या दुकानात हॅमामेलिसचं मदर टिंक्चर मिळतं, छोटी बाटली, तपकिरी रंगाचं, आणि झाड तेच असल्यामुळे लोक म्हणतात चला मिळालं स्वस्तात. ते सरळ गालावर लावू नका हो. मदर टिंक्चर अल्कोहोलमध्येच तयार करतात, त्यात अल्कोहोलचं प्रमाण १४ टक्क्यांच्या कितीतरी वर असतं, लेबलवर लिहिलेलं असतं ते वाचा. ताज्या दाढीवर ते लावलं तर डोळ्यांतून पाणी येणारच, आणि सालीतल्या टॅनिनमुळे कोरडेपणा वेगळा. माझ्या ओळखीतल्या एकाला गालावर पोपडे निघाले होते, तो म्हणत होता विच हेझल मला सूट होत नाही, आणि बाटलीचा फोटो मागवला तर ती ही निघाली.

अल्कोहोल झोंबतं ते का हेपण समजून घ्या, कारण "झोंबतंय म्हणजे जंतू मरतायत, काम करतंय" असा एक समज आपल्याकडे वडिलांपासून चालत आलाय. कातडीतल्या नसांवर टीआरपीव्ही१ नावाचा एक रिसेप्टर असतो, गरम लागलं की मेंदूला कळवणारा, मिरचीने आग होते तीपण ह्याच्यामुळेच. एरवी तो साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो. अल्कोहोल लागलं की ही मर्यादा खाली येते, ३४ च्या आसपास, आणि कातडीचं स्वतःचं तापमान तेवढं असतंच. म्हणजे तुमच्याच कातडीची ऊब तुम्हाला चटक्यासारखी जाणवते. त्या आगीचा जंतू मरण्याशी संबंध नाही, १४ टक्के अल्कोहोल जंतुनाशक म्हणून पुरेसं पण नसतं, सॅनिटायझरमध्ये ६० टक्क्यांच्या वर लागतं. जितकी कातडी जास्त सोललेली तितकी आग जास्त, एवढाच त्याचा अर्थ, म्हणून आग किती होते हे उलट तुमच्या दाढीचं मार्कशीट समजा.

मग आता दोष बाटलीचा की दाढीचा हे कसं ठरवायचं. सोपं आहे, चेहऱ्याच्या दोन बाजू आहेत त्याचा उपयोग करा. आठवडाभर एकाच रेझरने, एकाच साबणाने नेहमीसारखी दाढी करायची, डाव्या बाजूला विच हेझल, उजव्या बाजूला फक्त गार पाणी, आणि नंतर दोन्हीकडे तेच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. मध्ये काही बदलायचं नाही, नवीन फेसवॉश नाही, नवीन ब्लेड लावायचं तर दोन्ही बाजूंना. आठवड्याने दोन्हीकडे सारखीच लाली असेल तर विच हेझल ना तारतंय ना मारतंय, कारण दाढीत शोधा. डावीकडे जास्त असेल तर बाटली बाजूला ठेवा. डावीकडे कमी असेल तर उत्तम, चालू ठेवा. लोक एका रात्रीत रेझर, क्रीम, टोनर सगळं बदलतात आणि मग कशाने बरं वाटलं किंवा कशाने बिघडलं ते कायमचं गुलदस्त्यात राहतं.

बहुतेकांचं उत्तर दाढीत निघतं. त्यामुळे इथे थोडा वेळ थांबतो.

पाणी. दाढीचा केस कोरडा असताना खूप कडक असतो, दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मुरलं की मऊ होतो आणि ब्लेडला जोर लावावा लागत नाही. म्हणून आंघोळीनंतर दाढी करा, आधी नाही, हा एकच बदल करून कितीतरी जणांचा त्रास निम्मा होतो. घरी बोअरचं पाणी असेल तर अजून एक बघा. जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही आणि जो होतो त्याचा पांढरा चिकट थर कातडीवर राहतो, धुतलं तरी राहतो, आणि त्याच्यावर काहीही लावलं की चुरचुरतं. सोसायटीत टँकर आणि बोअर मिक्स असेल तर दाढीपुरतं एक मगभर फिल्टरचं पाणी घ्या आणि शेवटी तोंड त्यानेच धुवा. पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांमधल्या दोघा-तिघांना हे सांगितलं आणि त्यांना बाकी काही करावंच लागलं नाही.

ब्लेड. इथली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला. आपल्याकडे एक कार्ट्रिज महिना दोन महिने चालवतात कारण महाग असतं, मला ते कळतं, पण मग साधं जुन्या पद्धतीचं एका ब्लेडचं सेफ्टी रेझर घ्या, ब्लेड दोन-पाच रुपयांत येतं आणि बिनधास्त टाकता येतं. रेझर बाथरूममध्ये ओलं उपडं टाकून ठेवू नका, झटकून कोरड्या जागी उभं ठेवा.

पाती जितकी जास्त तितकी दाढी चांगली असं जाहिराती सांगतात. १९७१ मध्ये जिलेटचं दोन पात्यांचं रेझर आलं तेव्हापासून कल्पना अशी की पहिलं पातं केसाला जरा ओढून वर काढतं आणि तो परत आत जायच्या आत दुसरं पातं कापतं. त्यामुळे केस कातडीच्या पातळीच्या पण खाली कापला जातो, हात फिरवला की गुळगुळीत. सरळ केस असलेल्यांचं ठीक आहे, पण ज्यांचे केस जाड आणि कुरळे आहेत त्यांच्यासाठी हीच पुढच्या सगळ्या पुटकुळ्यांची सुरुवात असते.

दिशा. गालावर केस खाली वाढतात, सगळ्यांना वाटतं गळ्यावर पण खालीच. नाही. गळ्यावर पुष्कळांचे केस वर किंवा आडवे वाढतात आणि कंठमण्याच्या बाजूला तर भोवरा असतो. दोन दिवस दाढी वाढू द्या, बोटं चारही दिशांनी फिरवून बघा, जिकडे फिरवल्यावर टोचत नाही ती केसांची दिशा, आणि रेझर त्याच दिशेने चालवा. गळ्यावर सगळा त्रास असण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. आणि कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरू नका, ताणून कापलेला केस सोडल्यावर आत जातो. सलूनमध्ये बसलात तर दादांना आधीच सांगा की एकच हात, सुलटा, उलटा हात मारू नका. आपल्याकडे घोटून केलेली दाढी म्हणजे चांगली दाढी, त्यामुळे ते प्रेमाने दुसरा हात उलटा मारतात आणि वरून तुरटी फिरवतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि तिसऱ्या दिवशी गळा भरून येतो. ब्लेड तुमच्यासमोर नवीन फोडायला लावा, यात लाजायचं काही नाही. हॉस्टेलवाल्यांनो, एकमेकांचं रेझर अजिबात वापरू नका, हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो, रक्त दिसत नसलं तरी.

तुरटीचा विषय निघालाच आहे तर. घरोघरी सकाळी तुरटीचा खडा फिरवून मग त्याच्यावर विच हेझल लावणारे खूप आहेत, दोन चांगल्या गोष्टी एकत्र म्हणजे दुप्पट चांगलं असं वाटतं. दोन्ही एकाच वर्गातल्या आहेत, कातडी आवळणाऱ्या. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यादीत पण अशा औषधांत विच हेझल आणि अ‍ॅल्युमिनियम सल्फेट शेजारी शेजारी आहेत आणि आपली तुरटी त्या सल्फेटचीच बहीण. एकावर एक लावलं की कातडी कोरडी पडून चरचरते. एकच निवडा. ब्लेड लागून रक्त आलं असेल तर तुरटी जास्त चांगली, रक्त थांबवण्यात विच हेझल तिच्या जवळपास पण येत नाही, आणि तुरटी लावली तर अर्ध्या मिनिटाने गार पाण्याने धुवून टाका. खडा स्वतःचा ठेवा. सलूनमधला खडा दिवसभर किती गालांवरून फिरतो ते तुम्हाला माहीतच आहे.

आता त्या टणक पुटकुळ्या. केस तिरका आणि टोकदार कापला गेला की कुरळा केस वाढताना वळून परत कातडीत घुसतो, किंवा बाहेर न येताच आतल्या आत भिंत फोडतो, आणि शरीर त्याला परका समजून सूज आणतं. याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे सगळ्यात जास्त, पण दाट कुरळी दाढी असलेल्या आपल्या माणसांत पण खूप बघितलंय, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर पुटकुळी गेली तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो. विच हेझलने इथे सूज किंचित उतरेल, खाज कमी होईल, पण घुसलेला केस ते बाहेर काढू शकत नाही. खरा उपाय म्हणजे साधारण महिनाभर दाढी न करणं. पहिला आठवडा त्रास वाढल्यासारखा वाटतो, मग केस लांब होऊन आपोआप सुटतात. तेवढी मोकळीक ऑफिसात नसेल तर ट्रिमर, एक मिलिमीटर खुंट ठेवायचे, शून्यावर लावायचा नाही. चिमट्याने केस उपटू नका, उपटलेला केस परत वाढताना आतूनच भोक पाडतो, फार तर वर आलेला फास सुईच्या टोकाने हलकेच सोडवा. दोन-तीन महिने ट्रिमर वापरूनही जात नसेल तर डॉक्टर अ‍ॅडापॅलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड ही वरून लावायची औषधं देतात, आणि फारच असेल तर लेझर, सावळ्या कातडीला एनडी-यॅग लेझर चालतो, कुठल्याही पार्लरमधला नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडचा.

आणि जे आधीच रात्री अ‍ॅडापॅलीन, रेटिनॉल लावतात किंवा पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतायत त्यांनी आग कशाने होते ते दुसरीकडे शोधूच नका. तुमची कातडी आत्ता नाजूक झालीय. साधं गार पाणी आणि मॉइश्चरायझर, बाकी सगळं बंद.

पू असलेल्या फोडांबद्दल थोडं कडक लिहितो. केसाच्या मुळाशी पिवळं तोंड, दुखतंय, गरम लागतंय, एक बरा होतो तोवर दुसरा, हे केसतोड आहेत, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जंतूचे. दाढी थांबवा, फोडू नका, डॉक्टरला दाखवा. परत परत येत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या, वय पस्तिशीच्या पुढे असेल आणि घरात डायबेटिस असेल तर नक्कीच. आणि गोल कडा, मध्ये जरा साफ, खूप खाज, हळूहळू पसरतंय असं असेल तर दाढीतला नायटा असू शकतो. अशा वेळी आपल्याकडे लोक काय करतात, मेडिकलवाल्याला दाखवतात आणि तो एक ट्यूब देतो, तीन-चार औषधं एकत्र असलेली, ज्यात क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असं स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली गायब, माणूस खूश, आणि आतून नायटा आरामात पसरत राहतो, ट्यूब बंद केली की दुपटीने वर येतो, आणि चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात. चेहऱ्यावर अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय लावू नका, कृपा करून. चालू असेल तर एकदम बंद करण्याआधीपण त्वचारोगतज्ज्ञाला विचारा.

ॲलर्जीचं वेगळं. ज्याला संशय आहे त्याने विच हेझलचे थेंब कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघावेत, दाढीशी संबंध नसलेली जागा म्हणून. तिथे खाज-पुरळ आलं तर बाटलीतलं काहीतरी नडतंय, बहुतेक वेळा सुगंध. तिथे काही झालं नाही आणि दाढीच्या भागातच होत असेल तर शेव्हिंग क्रीमचा वास, किंवा जे मिशीला-दाढीला काळा डाय लावतात त्यांच्यात डायमधलं पीपीडी नावाचं रसायन, ते फार जणांना नडतं आणि लोकांच्या डोक्यातच येत नाही कारण डाय पंधरा दिवसांतून एकदा लावलेला असतो.

समजा हे सगळं तपासलं, दाढी सुधारली, बाटली योग्य आहे, तर लावायचं कसं? रेझर झाल्यावर तोंड गार पाण्याने धुवा, टॉवेलने घासू नका, नुसता टिपा. पाऊण चमचा पुरे, तळहातावर घेऊन दाबून दाबून लावा. कापसाने पुसल्यासारखं लावतात ते टाळा, नुकत्या सोललेल्या कातडीवर कापूस घासणं म्हणजे परत एक हात मारणं. बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर गारव्यानेच अर्धी आग बसते. आणि ते पूर्ण सुकायच्या आत, कातडी दमट असतानाच, वरून मॉइश्चरायझर, ही पायरी गाळणाऱ्यांचीच तक्रार असते की विच हेझलने कातडी कोरडी झाली. अहो होणारच, त्यातलं अल्कोहोल आणि पाणी उडून जातं, मागे ओलावा धरून ठेवायला काहीच राहत नाही. बाहेर पडायचं असेल तर सनस्क्रीन, डाग काळे पडू नयेत म्हणून.

इकडे थंडीत घरात हीटर चालू असतात आणि हवा इतकी कोरडी होते की डिसेंबर ते मार्च मी साधी अल्कोहोलवाली बाटली कुणालाच सुचवत नाही. मुंबई-कोकणात उलट, पावसाळ्यात घामाने चिकचिक असते तिथे तीच बाटली छान वाटते, तिथे त्रास होतो तो घामाचा आणि हेल्मेटच्या पट्ट्याचा. दुचाकीवाल्यांनी हनुवटीखाली जिथे पट्टा घासतो नेमकं तिथेच पुरळ आहे का ते बघा, असेल तर पट्टा धुवा, त्याला मऊ कापड गुंडाळा आणि दाढी शक्यतो रात्री करा, म्हणजे सकाळपर्यंत कातडी भरून येते.

शेवटी ज्यांना भारतात चांगली बाटली मिळत नाहीये किंवा इम्पोर्टेड हजार-बाराशेला मिळतेय त्यांच्यासाठी. घेऊ नका. गार पाण्याची पट्टी पाच मिनिटं गळ्यावर ठेवा आणि वरून साधं बिनवासाचं ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर लावा, साध्या जळजळीला एवढं पुरतं. घरच्या कोरफडीचा गर लावणार असाल तर पान कापून आधी उभं ठेवून पिवळा चीक पूर्ण गळू द्या, तो चीक खाजतो. आणि बाटली आणायला कुणाला सांगणारच असाल तर त्यांना अल्कोहोल-फ्री, बिनवासाची एवढे दोन शब्द व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, नाहीतर दुकानात दहा प्रकार बघून माणूस गुलाबाचीच उचलतो.